महिन्यातून एकदा पुरे

८ जानेवारी

भावजी,

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोन बैठकीत, तुमच्या दादांच्या खुर्चीला लागून, आणि मोबाईल त्यांच्या खिशात. ज्या माणसाबद्दल बोलायचं त्याच्या पुढ्यात बसून कसं बोलणार? शिवाय तुम्हीच मागे म्हणाला होतात, वहिनी, तुमचं अक्षर दिसलं की घरी आल्यासारखं वाटतं. घ्या मग अक्षर.

अडचण हसण्यासारखी आहे, तेव्हा आधी हसून घ्या. घरातला कॉम्प्युटर व्हायरससाठी किती दिवसांनी तपासावा? तुमचा तो धंदा, म्हणून तुम्हाला विचारते. मागच्या खेपेला आलात तेव्हा दोन दिवस बसून तुम्हीच तो नीट करून दिलात, तपासायचा प्रोग्रामही तुम्हीच घातलात. तेव्हापासून ह्यांना नवी नोकरी लागली आहे. सकाळी दात घासून झाले की स्कॅन, दुपारी डुलकी काढून उठले की स्कॅन, दिवे लागले की पुन्हा स्कॅन.

तुम्हाला भावाचा स्वभाव सांगायला नको. जन्मभर वजनमापं तपासली. दुकानात शिरले की दुकानदार गल्ला सोडून उभा राहायचा, कारण हे तराजू उलटा करून खालून बघायचे. निवृत्त झाले, पण डोळा काही निवृत्त होईना. घरचा वजनकाटा तपासून झाला, दुधाचं माप तपासून झालं, माझ्या भाकऱ्यांचा आकार तेवढा राहिलाय. आता कॉम्प्युटर सापडला.

पण ते उगाच करतात असंही म्हणवत नाही. दर वेळी स्कॅन संपताना एक लाल पट्टी येते. तेच नाव, तीच जागा. हे ते काढून टाकतात. पुढच्या स्कॅनला पुन्हा हजर. ह्यांचं म्हणणं, एकदा आलं तर योगायोग, दोनदा सारखं आलं तर ते माप. आता तुम्हीच सांगा, मी काय बोलू?

माझी अडचण वेगळीच. कोर्टात टाइप करण्यात हयात गेली, तेव्हा साधं पत्रसुद्धा मला आधी मशीनवर कच्चं टाइप करावं लागतं. मग नको ते गाळायचं, उरलेलं हाताने कागदावर उतरवायचं आणि कच्चं पुसून टाकायचं. हातानेच थेट लिहायला गेलं तर मन पुढे सरकत नाही. आणि इथे मशीन सदानकदा तपासणीला बसलेलं. हे पत्रसुद्धा ह्यांच्या दोन स्कॅनच्या मधे उरकलंय. तेव्हा काय तो आकडा कळवा. तुमचा शब्द ते ऐकतील.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घालतो, गुडघा आता तेवढा वाकत नाही.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि एकटाच हसत बसलो. शेजारच्याला वाटलं, पगार वाढला. अहो, ताप नसताना तासातासाला थर्मामीटर लावला तर शेवटी माणसाला ताप येतोच. दादाचं तेच चाललंय.

महिन्यातून एकदा पुरे. कुणी रोज म्हणेल, कुणी आठवड्याला म्हणेल, पण ते आमच्यासारख्या कचेऱ्यांसाठी. तुम्ही पत्र टाइप करणार, दादा बातम्या वाचणार. चोराने तुमच्याकडे येऊन न्यायचं तरी काय? भाकरीचा आकार?

ती लाल पट्टी म्हणजे खोटी घंटा आहे. ह्या प्रोग्रामना कधीकधी घरचाच माणूस चोर वाटतो. पट्टीच्या शेजारी ‘दुर्लक्ष करा’ असं लिहिलेलं दिसेल. ते एकदा दाबलं की ते नाव दुर्लक्ष करायच्या यादीत जातं आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. दादा काही ते दाबायचा नाही. तो आंघोळीला गेला की तुम्ही दाबून टाका. आणि हो, इंटरनेटची लाइन बंद करू देऊ नका, नाहीतर तपासायचा प्रोग्राम शिळा होतो.

तुमच्या अक्षराला तोड नाही. असंच लिहीत जा, सविस्तर. इथे मला घरचं कोण सांगणार?

तुमचा भावजी


२ फेब्रुवारी

भावजी,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं आणि सगळं मुसळ केरात गेलं.

पट्टी यायची बंद झाली. मला वाटलं, आता पेढे वाटायचे. पण हे त्या दिवशी जेवलेच नाहीत. म्हणाले, “खोट गेलेली नाही. कुणीतरी काटा बांधून ठेवलाय.” दोन दिवस खणत बसले आणि ती यादी शोधून काढलीच. त्यातलं नाव मात्र काढलं नाही, म्हणाले, पुरावा हलवायचा नसतो. मला विचारलं, “हे तू केलंस?” मी नाही म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. ह्यांचा तो दुकानदाराला विचारायचा आवाज लागला आणि माझ्या तोंडून नाहीच निघालं.

तिथून गाडी घसरली. मी नाही, तर मग घरात तिसरा कोण? आता म्हणतात, आपण लिहितो ते कुणीतरी वाचतंय. मशीनवर टॉवेल टाकून ठेवतात. लाइनची तार उपसतात, मी तुमचं नाव सांगून परत लावते. खोलीत आले की हळू आवाजात बोलतात. परवा कोपऱ्यावरच्या शिंप्याला सांगून आले की आमच्या कॉम्प्युटरमधून आमच्यावर नजर आहे. शिंपी गालातल्या गालात हसला आणि पँटची उंची कमी करायच्या निमित्ताने घरी येऊन मला सांगून गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसापुढे अख्खी बाजारपेठ चळाचळा कापायची, त्याला आता शिंपी हसतो.

“तुम्हाला वेड लागलंय,” असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. त्यांनी उठून मशीनवरचा टॉवेल नीट सारखा केला.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

मी हे हसण्यावारी नेलं, ते चुकलं. पत्र वाचून झोप लागली नाही.

आमच्या साहेबांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी कुलपं तपासायची, मग खिडक्या, मग भिंतीतून कुणीतरी ऐकतंय म्हणायला लागले. वेळीच दाखवलं असतं तर सावरलं असतं, असं साहेब आजही म्हणतात. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दादाला मनाच्या डॉक्टरांकडे न्या. तो तयार होणार नाही. त्याला सांगा, मी सांगितलंय.

डॉक्टरांपुढे काही लपवू नका. दिवसातून कितीदा तपासतो, टॉवेल, तार, शिंपी, सगळं सांगा. तो स्वतः काय सांगेल त्यावर भरवसा नको. तुम्ही सांगाल ते डॉक्टर धरून चालतील. आणि त्यांच्याकडून लेखी घ्या. बँकेत, सह्यांना, कुठेही पुढे लागतं. एक प्रत मला पाठवून ठेवा, तुमच्याकडची हरवली तर असू द्यावी.

कॉम्प्युटरवर त्याला शक्यतो बसू देऊ नका. तुम्ही मात्र लिहीत राहा. मन मोकळं होतं.

तुमचा भावजी


२० मार्च

भावजी,

जाऊन आलो. तुमचं नाव घेतलं म्हणून आले. इस्त्रीचा शर्ट घातला, जुनं ओळखपत्र खिशात ठेवलं, जशी काही डॉक्टरांचीच तपासणी करायला निघाले होते.

डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर किती वेळा तपासता? हे म्हणाले, तीन वेळा. डॉक्टरांनी लिहून घेतलं. हे म्हणाले, “अहो, पण तिथे खरंच काहीतरी आहे.” डॉक्टर म्हणाले, “हो, हो.” तेही लिहून घेतलं. मग माझी पाळी. मी सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. बोलताना ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, “चांगली साक्ष दिलीस.”

गोळ्या सुरू आहेत, सकाळी एक, संध्याकाळी एक. गुण आला म्हणायचं तर आला. स्कॅन बंद, कुजबुज बंद. टॉवेल मीच धुऊन टाकला. आता महिन्याच्या एक तारखेला मी तपासते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, आणि कसली पट्टी येत नाही. पण हे नुसते बसून असतात. चहा झाला का ते मला विचारतात. गॅस बंद आहे ना, ते मला विचारतात. काल मी डाळ मोजत होते तर शेजारी येऊन उभे राहिले, वजनं हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, “ह्यातलं किलोचं कुठलं गं?” मी पटकन दाखवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

डॉक्टरांच्या कागदाची प्रत सोबत आहे. तुमचा आधार वाटतो, भावजी. एकटीला हे झेपलं नसतं.

वहिनी


३१ मार्च

वहिनी,

कागद मिळाला. फाइलला लावून ठेवला. निश्चिंत असा.

दादा मोरीत घसरून पडला, हे वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसलो. कोपराची सूज उतरली का? हाड नाही ना दुखावलं? आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गोळ्यांनीच तो असा झाला, त्या बंद करून बघाव्या, असं तुमच्या मनात येतंय ना, ते अजिबात करू नका. अर्धवट सोडलेलं औषध दुप्पट उलटतं. तुमची घालमेल मला कळते, पण डॉक्टरांपेक्षा आपण शहाणे नाही.

त्याला म्हणावं, धाकट्याने तब्येत सांभाळायला सांगितली आहे.

तुमचा भावजी


९ एप्रिल

भावजी,

पत्र पोचलं. ह्यांचं कोपर बरं आहे. गोळ्या चालू आहेत. बाकी विशेष काही नाही.

आज एवढंच. हात दुखतोय.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

नमस्कार. आडपडदा न ठेवता लिहितो.

घर तुमच्या भाचीच्या नावावर करायचं चाललंय, पुढच्या महिन्यात दादाची सही घ्यायची ठरली आहे, असं कानावर आलं. कुठून आलं ते सोडा. आपल्या माणसापासून अशा गोष्टी लपत नसतात. ज्या घरात मी वाढलो ते घर परस्पर उचलून माहेरच्या माणसाला द्यायचं, आणि मला चार ओळींत “बाकी विशेष काही नाही”? हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.

घर दादाच्या एकट्याच्या नावावर आहे, कबूल. पण निम्मं माझं, असं बाबा मला बोलले होते. ते दादालाही माहीत आहे. असो. आता तो वादच नको. दादाच्या सहीला अर्थ राहिलेला नाही. डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आहे आणि तो तुम्हीच पाठवलाय. उद्या घराचं काही करायचं झालं तर त्याच्या वतीने रक्ताच्या माणसाला विचारावं लागेल. वकिलांशी बोलून ठेवलंय.

मला कटुता नको आहे. भाचीला काय ते समजावा.

भावजी


२४ एप्रिल

भावजी,

कानावर आलं म्हणता. कुणाच्या तोंडून?

भाचीला हे माहीत नाही. तुमच्या दादांना माहीत नाही. घर भाचीला द्यायचं कधी कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. नऊ तारखेला तुम्हाला पत्र लिहायच्या आधी मी ते मशीनवर टाइप केलं, चांगलं परिच्छेदभर, आणि वाचून पुसून टाकलं. कागदावर उतरवलं नाही, कुणाशी बोलले नाही. अख्ख्या जगात ती गोष्ट फक्त त्या मशीनला माहीत होती. आणि तुम्हाला.

असं का केलं तेही सांगते. हे मोरीत पडल्याचं तुम्ही ३१ तारखेच्या पत्रात विचारलंत. मी ते कच्च्यात टाइप केलं होतं आणि गाळलं होतं. परमुलखात तुमच्या जिवाला घोर नको म्हणून गाळलं होतं. गोळ्या बंद कराव्या का, हेसुद्धा गाळलं होतं. तुमचं पत्र वाचून मी हादरले. पहिला विचार काय आला माहीत आहे? मलाच भ्रम झाला. लिहिलं ते आठवत नाही, गाळलं असं वाटतं ते लिहिलंय. दोन दिवस मी ह्यांच्यासारखीच नुसती बसून होते. त्याच डॉक्टरांकडे माझा नंबर लावायला निघाले होते, चप्पल घातली होती.

मग ह्यांचं बोलणं आठवलं. एकदा आलं तर योगायोग. म्हटलं, दुसरं माप घ्यावं. भाचीची थाप मारली आणि तुमच्या उत्तराची वाट बघितली.

काल त्या यादीतून ते नाव काढलं आणि मशीन तपासलं. लाल पट्टी आली. बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावून दाखवली. तो म्हणाला, इथे जे जे टाइप होतं ते हा प्रोग्राम दुसरीकडे पाठवतो. काढून टाकला तरी तिकडून परत घालता येतो, तशी सोय करून ठेवली आहे. मी विचारलं, हा व्हायरस बाहेरून शिरला असेल? म्हणाला, “नाही मावशी, हा शिरत नाही. हा कुणीतरी खुर्चीत बसून घालावा लागतो.” त्या खुर्चीत तुम्ही दोन दिवस बसला होतात. मी तुम्हाला तिथे चहा आणून देत होते.

महिन्यातून एकदा पुरे, म्हणालात. दुर्लक्ष करा, म्हणालात. लाइन बंद करू नका, म्हणालात. आणि लिहीत राहा वहिनी, मन मोकळं होतं! तुमचं झालं का मोकळं?

ह्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते खरं बोलत होते. तुम्हाला ते पहिल्या पत्रापासून माहीत होतं आणि तरी तुम्ही माझ्या हाताने त्यांना वेडं ठरवलंत.

उत्तर द्यायचं तर द्या.


३ मे

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचायला घेतलं आणि दोनदा मिटून ठेवलं.

तो प्रोग्राम मी घातला. नाही म्हणत नाही. पण तुम्ही समजता तसं त्यात काही नव्हतं. तुम्ही दोघं नेहमी “सगळं ठीक” लिहिता. दादा फोनवर तीन वाक्यं बोलतो, त्यातलं एक हवामानावर. घराचा विषय काढला की ऐकूच येत नाही. बाबा गेल्यापासून त्याच्या मनात काय आहे ते मला कळायला नको? तुम्ही गाळता ते वाचल्यावर मला पहिल्यांदा घरचं खरं काही कळलं. तुम्ही माझ्या काळजीपोटी गाळत होतात ना? मग मी काळजीपोटीच वाचत होतो, असं समजा.

पुढचं सगळं ओघात झालं. पट्टी आली तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. धीर झाला नाही. पण डॉक्टरांकडे न्या म्हटलं ते मनापासून म्हटलं. आणि डॉक्टर काही माझ्या ओळखीचे नव्हते. त्यांनी स्वतः तपासूनच गोळ्या दिल्या ना? म्हणजे दादाला थोडंफार काहीतरी असलंच पाहिजे. अगदी धडधाकट माणसाला कुणी गोळ्या देत नाही.

प्रोग्राम मी इकडून बंद केला आहे. कागदाचं काय करायचं ते सावकाश बोलू.

दादाला सांगू नका. त्याच्या तब्येतीला हे झेपणार नाही.

भावजी


१५ मे

तू शाळेत जात होतास तेव्हा मी ह्या घरात आले. धाकटा दीर म्हणून तेव्हापासून तुला अहो-जाहो करत आले. ते आजपासून बंद.

कागदाचं सावकाश बोलू म्हणतोस. मी बोलून आले. डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली, तुझी पत्रं पुढे ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, कौटुंबिक वादात मी पडत नाही. पत्रात काय आहे ते पोलिसांना दाखवा. मी पेशंट बघतो, आणि आज पेशंटची जी अवस्था आहे ती बघता लिहिलेलं मागे घेता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. निघताना दाराशी मला थांबवून म्हणाले, “अशा पेशंटबरोबर राहणाऱ्या माणसांना हळूहळू तसंच वाटायला लागतं. तुम्ही स्वतःला जपा.” पायरी उतरताना मला रडू आलं ते माझ्यासाठी नव्हे. ह्यांना त्या खोलीत कसं वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

दादाला सांगू नका म्हणतोस. सांगितलं.

काल सकाळी चहा घेताना सांगितलं. समोर बसून, हात धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हटलं, तुमचं खरं होतं. कुणीतरी वाचत होतं. चूक माझी, मी तुमच्याविरुद्ध बोलले. मला वाटलं होतं, ताडकन उठतील, तुझ्या नावाने ओरडतील, माझ्या नावाने ओरडतील. कपबशी फोडली असती तरी मी देवाला हात जोडले असते.

त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलीला थोपटावं तसं. म्हणाले, “धाकटा असं कशाला करेल? असं काही नसतं गं. तूच नाही का डॉक्टरांना सांगितलंस?”

मी दुरुस्तीवाल्याचं सांगितलं. मान हलवली. तुझी पत्रं दिली. चष्मा लावून एक वाचलं, नीट घडी घालून परत दिलं. म्हणाले, “हे तुझंच अक्षर आहे का?” मी नाही म्हटलं. “बरं,” म्हणाले.

मग डबीतून त्यांची सकाळची गोळी काढली. सुरीने तिचे दोन तुकडे करायला बराच वेळ लागला. एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा माझ्या बशीत ठेवला आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

म्हणाले, “घे. मलाही आधी असंच वाटायचं.”